त्याच्या डोळ्याच्या आत

"आई, हात दे ना," म्हणत कैलासनं जे मनगट धरलं, ते आईचं नव्हतंच.

वर्षाली तपासणीच्या खोलीतून बाहेर पडत होती. समोर उन्हानं रापलेला एक उंच तरुण, एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात तिचं मनगट.

"मी तुमची आई नाही," ती म्हणाली.

"हो... बांगड्या नाईत," तो अंदाज घेत म्हणाला, आणि मग एकदम ओशाळला. "माफ करजा, मॅडम. थेंब टाकल्यापासून दिसत नाई मले."

मागून देवकाबाई पाण्याची बाटली घेऊन लगबगीनं आल्या. आर्वीकडची ही मायलेकरं. घरची भाजीची शेती... वांगी, कोबी, सांबार म्हणजे कोथिंबीर. मोटर सुरू करताना पाइपाची तोटी सुटून कैलासच्या उजव्या डोळ्यावर बसली होती. सुरुवातीला नुसत्या ठिणग्या चमकल्या, मग खालून काळी सावली वर चढू लागली. डावा डोळा तर लहानपणापासूनच अधू. जे काही जग दिसायचं, ते या उजव्या डोळ्यानंच.

वर्ध्याच्या त्या दवाखान्यात डोळे तपासायचं, स्कॅन काढायचं काम वर्षालीचं. पुलगावची मुलगी, रोज आगगाडीनं ये-जा करायची. कैलासचा स्कॅन तिनंच काढला आणि संगणकावरचं चित्र ती पुन्हा पुन्हा पाहत राहिली. डोळ्याच्या आतला पडदा वरून फाटून सुटला होता. सुटलेली कड मधल्या बिंदूला टेकायला आली होती. त्याच बिंदूच्या जोरावर माणूस अक्षर वाचतो, चेहरा ओळखतो.

दवाखान्याच्या सर्जन डॉ. सुलोचना मॅडमनी चित्र पाहिलं. "उद्यावर नको. आजच ऑपरेशनला घेऊ," त्या म्हणाल्या. "आणि वर्षाली, दुसरा हेडसेट तू लाव."

हे हेडसेट दवाखान्यात नवेच आले होते. दिसायला जाडजूड चष्मा. तो घातला तरी टेबल, सिस्टर, पेशंट सगळं दिसत राहायचं, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, हवेत, डोळ्याच्या आतलं चित्र उभं राहायचं. मॅडमना सूक्ष्मदर्शकावर मान मोडून वाकावं लागत नसे. त्यांच्या नजरेसमोर स्कॅन आणून ठेवायचा, उजेड कमी-जास्त करायचा, हे वर्षालीचं काम. आजवर तिनं ते नकली डोळ्यावर केलं होतं. जिवंत डोळा हा पहिलाच.

ऑपरेशनच्या टेबलावर कैलास जागा होता. फक्त डोळा बधिर केलेला. मॅडमनी आत दिवा नेला आणि वर्षालीच्या समोर हवेत एक जग उघडलं.

केशरी-लाल उजेडात भिजलेली, गोलाकार वळत गेलेली जमीन... वाकून पाहावं तर खोल दरी, मान वळवावी तर त्यापलीकडेही आणखी काही. लाल नद्या फाटे फुटत दूरवर गेलेल्या. आणि वरच्या अंगाला तो सुटलेला पडदा, राखाडी, तलम, पाण्यात धरलेल्या ओढणीसारखा हलत होता. एवढ्याशा बुबुळामागे हे सगळं होतं? आणि हा माणूस ते घेऊन रोज वांगी तोडायला जात होता?

"मॅडम," चादरीखालून दबका आवाज आला, "पाण्यात काही पोहून राह्यलं."

"आमचीच हत्यारं आहेत. बोलू नका," वर्षाली हळूच म्हणाली.

मॅडमनी आत हवा सोडली. पडदा थरथरला, सरकला... आणि हळूहळू, झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण बसावं तसा जमिनीवर बसला. फाटलेल्या जागेभोवती लेझरचे पांढरे ठिपके उमटत गेले. वर्षालीनं स्कॅन शेजारी आणला. मधला बिंदू जागच्या जागी होता. हेडसेटच्या आत तिचे डोळे भरून आले, आणि पुसायची सोय नव्हती.

पडदा दाबून धरायला डोळ्यात गॅसचा फुगा सोडला होता, म्हणून कैलासला काही दिवस वॉर्डात पालथं पडून राहायचं होतं. थेंब घालायला वर्षाली यायची तेव्हा त्याला दिसायची नुसती धूसर फरशी.

"आज हिरवा ड्रेस का?" तो उशीत तोंड घालून विचारायचा.

"निळा आहे."

"मंग डोळा बिघडला."

"डोळा छान आहे. गॅस विरेपर्यंत असंच दिसणार."

एकदा थेंब घालून झाल्यावर तो म्हणाला, "माह्या डोळ्यात तुम्ही पण पाह्यलं म्हणे. कसं होतं?"

"सांगता येत नाही..."

"खराब होतं काय?"

"सुंदर होतं," ती बोलून गेली.

त्याचे कान लाल झाले. "मले असं कोणी म्हटलं नाई आजवर."

"डोळ्याला म्हटलं मी."

"डोळा कोणाचा आहे मंग?"

वर्षाली मनसोक्त हसली. त्याला कुठं दिसत होतं!

फुगा दिवसेंदिवस आक्रसत गेला. डोळ्यात पाण्याची रेघ हलते, असं तो सांगायचा. मग एका सकाळी तो तपासणीला आला, तक्त्यावरची बारीक अक्षरं अडखळत का होईना वाचली, आणि वळून तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच.

"अशा दिसता होय..."

"कशी?"

"आवाजासारख्या."

मॅडमनी आता लांबच्या तारखेला या म्हणून सांगितलं. देवकाबाई औषधं आणायला गेल्या. मॅडमना विचारून वर्षालीनं त्याच्या डोळ्यांवर हेडसेट चढवला आणि ऑपरेशनच्या दिवसाचं चित्रण लावलं.

कैलास उभ्या उभ्या स्तब्ध झाला. मान इकडे वळवली, तिकडे वळवली, हात पुढे करून हवा चाचपली. हेडसेट काढला तेव्हा पापण्या ओल्या होत्या.

"एवढं सारं माह्यात होतं?"

"सगळ्यांच्यातच असतं. त्यानंतर मी कितीतरी डोळे पाहिले... त्याच नद्या, तोच बिंदू."

"मंग माह्या डोळ्याचं काही खास नाई."

वर्षालीनं हेडसेट पुसायला घेतला, आणि पुसतच राहिली.

"नाही," ती म्हणाली. "फक्त... घरी जाताना गाडीत मला तुमचाच आठवतो. रोज."

बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "आर्वीहून पुलगावले एसटी जाते. बसाले मनाई नाई ना?"

"नाही."

"रविवारी येऊ?"

तिनं मान वर केली. तो तिच्याकडेच पाहत होता, आणि या वेळी त्या डोळ्यात आत पाहायला तिला काहीही लावावं लागलं नाही.

"येजो," ती म्हणाली. "आईले घेऊन येजो."