हाकेच्या आधी

माझा आवाज जरा मोठा आहे, सांभाळून घ्या. खूप वर्षं वापरलाच नव्हता, त्यामुळे कुठे किती लावायचा याचा अजून अंदाज येत नाही. दिवा तेवढा इकडे सरकवा, म्हणजे सांगते.

मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायचं काम करते. मशीनची घरघर दिवसभर चालू असते, बोलायची वेळ फारशी येत नाही. मला तेच हवं होतं. मी बोलायचे ते पुटपुटल्यासारखं. दुकानात सगळ्यांना वाटायचं, हिच्या घशाचं ऑपरेशन झालंय. नवरा थट्टेनं म्हणायचा, "आमच्याकडे भांडण झालं की शेजाऱ्यांना वाटतं, घरात कुणी नाही."

कारण जुनं होतं. मी लहान असताना माझी आई जिन्यावरून पडून वारली. मला सांभाळलं मावशीनं. तिनं सांगितलं होतं की आई जिना उतरत होती, मी वरून जोरात हाक मारली, तिनं वळून पाहिलं आणि तिचा पाय सुटला. "तुझ्या हाकेतच काहीतरी आहे गं पोरी," मावशी म्हणायची. "ज्याला हाक मारशील ते माणूस राहत नाही. हळू बोलत जा." हे ती रागानं नाही, माझे केस विंचरता विंचरता सांगायची. म्हणूनच ते फार आत गेलं.

मग मी कधी कुणाला हाक मारली नाही. नवऱ्याला बोलवायचं तर टाळी वाजवायची. मुलगी झाली, तिलाही टाळीच. तिला आम्ही ठकू म्हणतो.

एकदा ठकू चेंडूमागे रस्त्यावर धावली. समोरून टेम्पो येत होता. मी टाळ्या वाजवत राहिले... नुसत्या टाळ्या. भाजीवाल्यानं ओरडून तिला थांबवलं म्हणून निभावलं. त्या रात्री ठकू माझ्या कानाशी आली आणि पुटपुटली, "आई, मी पण तुझ्यासारखं हळूच बोलू का? म्हणजे तू घाबरणार नाहीस."

दुसऱ्या दिवसापासून तिनं खरंच आवाज खाली आणला. त्यानंतर मला झोप लागेना.

अशातच मावशी न्हाणीघरात घसरली. कंबरेचं हाड मोडलं, दवाखान्यात ठेवलं. तिची कवळी आणि शाल घरीच राहिली होती. मला म्हणाली, "जाऊन घेऊन ये. पण दिवस असेतो निघ तिथून. उशीर झालाच तर रेडिओ लाव. मोठ्यानं लाव." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मावशीकडे संध्याकाळ झाली की रेडिओ कायम कोकलतच असायचा.

दुकानातून निघायला उशीर झाला. ठकूला बरोबर घेतलं. मावशीचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, मी वाढले तेच. आई पडली तो जिनाही हाच. इमारत आता जवळजवळ रिकामी झालीय. जिन्यात ओल्या चुन्याचा वास होता आणि दिवा नव्हता. एका वळणावर दुरुस्तीसाठी कठडा काढून नुसती दोरी बांधली होती. दोरीपलीकडे सरळ तळमजल्यापर्यंतचा अंधार. मी ठकूचा हात घट्ट धरला आणि भिंतीकडून तिला वर नेलं.

घरात शिरले. कवळी मोरीवरच्या पेल्यात सापडली, ती रुमालात गुंडाळून कमरेला खोचली. शाल काही सापडेना. मी कपाट उपसत होते, ठकू दारापाशी बसून बाहुलीशी पुटपुटत होती. खिडकीबाहेरचा उजेड राखाडी झाला. रेडिओ लावायचं मी साफ विसरले.

आणि जिन्यात चपला वाजल्या.

कुणीतरी उतरत होतं. सावकाश, घरचंच माणूस उतरतं तसं. इमारतीत वरच्या मजल्यावर मावशीखेरीज कुणी राहत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी वाटलं, असेल कुणी. मग साबणाचा वास आला. ओल्या दगडावरच्या साबणाचा. चप्पल सरकली... आणि काहीतरी जड, पायऱ्यांवर आपटत, खाली खाली गेलं.

मग शांतता. किती वेळ ते सांगता येणार नाही. श्वास घेतला तर त्याचाही आवाज होईल, अशी.

आणि त्या शांततेनंतर एका लहान मुलीनं हाक मारली. "आई..."

तो आवाज मी ओळखला. आपला आवाज आपल्याला ओळखू येत नाही म्हणतात. पण मी इतकी वर्षं तो दाबून धरला होता, मला तो ओळखू येणारच.

हातातला कपडा गळून पडला. अंगावर काटा होता, पण त्या काट्याखाली दुसरंच काहीतरी हलत होतं. आधी पडणं. मग हाक. मावशीनं सांगितलं होतं त्याच्या बरोबर उलट. आई पडल्याचा आवाज ऐकून ती पोर बाहेर आली होती, आणि खाली बघून तिनं आईला हाक मारली होती. तेवढंच केलं होतं तिनं.

मी वळले. दारापाशी बाहुली पडली होती. ठकू नव्हती.

धावत बाहेर आले. जिन्यात काळोख साचला होता. खाली, त्या वळणावर, ठकूचा पिवळा फ्रॉक तेवढा दिसत होता. ती दोरीच्या अगदी कडेला पोचली होती. एक हात बाजूला वर धरलेला, मोठ्या माणसाचं बोट धरून चालतात तसा. बाजूला कुणी नव्हतं.

मी हात उचलले. टाळीसाठी. सवयच ती. आणि हात तसेच राहिले.

"ठकू," मी हाक मारली. पोटातून मारली. "ठकूऽऽ, थांब!"

आवाज भिंतींवरून घरंगळत तळापर्यंत गेला. मी डोळे मिटून घेतले होते, खोटं कशाला सांगू. उघडले तेव्हा ठकू थांबलेली होती. वर बघत होती. जिवंत, धडधाकट, जरा चकित झालेली.

मी उतरून तिला उचललं. तिचा तो वर धरलेला हात बर्फासारखा गार पडला होता.

"कुठे निघाली होतीस?"

"ती बाई खाली नेत होती," ठकू म्हणाली. "तू हाक मारलीस ना, मग तिनं माझा हात सोडला."

शाल तिथेच राहिली. आम्ही तशाच दवाखान्यात गेलो.

मावशी डोळे मिटून पडली होती. मी खाटेशी उभी राहिले. "मावशी, आई आधी पडली होती. मी हाक नंतर मारली."

तिनं डोळे उघडले नाहीत. म्हणाली, "रेडिओ नाही लावलास?"

"नाही."

"मी रोज ऐकते. दिवेलागणीला." तिचे ओठ कवळीवाचून आत गेले होते. "जिना मी धुतला होता. साबणाचं पाणी तसंच ठेवून आत आले... सगळे विचारत होते, कशी पडली, कशी पडली. तू लहान होतीस. वाटलं, विसरून जाशील."

मला दया आली असती तर बरं दिसलं असतं. मला राग आला. तोही मोठ्या आवाजात आला. नर्स धावत आली, शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. मावशी रडत ऐकत राहिली. बोलून झाल्यावर मी तिची कवळी धुऊन तिच्या हातात दिली. तिला सोडलं नाही मी. ते खोटं मात्र तिथेच सोडून आले.

आता दुकानात मी मशीनच्या वरून बोलते. नवरा म्हणतो, कान किटले. ठकू संध्याकाळी अंगणात खेळते आणि मी खिडकीतून तिला हाक मारते, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी. ती ओरडून "ओ" देते आणि येते.

फक्त एक आहे. कधीकधी तिच्या आधी दुसरी एक "ओ" येते. बाईची. लहान मुलानं हाक मारल्यावर हातातलं काम न सोडता देतात तशी, मायेची. पहिल्यांदा आली तेव्हा आमच्या जिन्याच्या तळातून आली होती. मग मधल्या मजल्यावरून.

मी हाक मारायची थांबवलेली नाही. थांबवणारही नाही.

काल ती "ओ" दाराच्या कडीपाशी आली होती.