चकलीची जागा

हितेश मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याचा उजवा बूट माझ्या दहीभातात होता.

माझ्या म्हणजे चकलीच्या. चकली ही आमच्या सोसायटीतली तपकिरी कुत्री. शेपटी अगदी सोऱ्यातून पाडल्यासारखी गोल, म्हणून ते नाव. कोपरला आमच्या दोन जुन्या, चार मजली इमारती आहेत, लिफ्ट नाही, आणि बी विंगच्या जिन्याखाली मी रोज सकाळी सातला चकलीचं ताट ठेवायचे. तीन वर्षं ठेवत होते. तोवर त्या ताटात कुणी पाय घातला नव्हता.

त्याने बूट उचलला. बुटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग चकलीकडे... आणि दोन पायऱ्या वर सरकला. हे इथे कोण ठेवतं, असं त्याने विचारलं. आवाज इतका सभ्य, की त्यापेक्षा ओरडला असता तर बरं वाटलं असतं. मी म्हटलं, मी ठेवते, आणि कडेलाच ठेवते, माणसं सहसा खाली बघून चालतात.

"माझी आईसुद्धा बघूनच चालत होती," तो म्हणाला.

तेव्हा मला कळलं, हा तिसऱ्या मजल्यावरच्या विमलाकाकूंचा मुलगा. काकू आठ दिवसांपूर्वी जिन्यात पडल्या होत्या, उजवं मनगट मोडलं होतं, एवढं मी ऐकलेलं. त्या का पडल्या ते मला कुणी सांगितलं नव्हतं. ते आता त्याने सांगितलं: चकली ताटाकडे धावत आली आणि त्यांच्या पायांमधून गेली. आईचं बघायला हितेश पुण्याहून आला होता आणि ऑफिसचं काम घरूनच करत होता. मी सॉरी म्हटलं. जरा उशिरानेच म्हटलं, आणि वर हेही जोडलं की चकली कधी कुणाला चावलेली नाही, तिला लस दिलीय, ऑपरेशन झालंय. तो म्हणाला, ते ठीक आहे, पण आई पडली ती चावल्यामुळे नाही.

ते बरोबरच होतं. म्हणून मला जास्तच राग आला.

रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. अर्धी माणसं म्हणाली, खायला घालणं बंद करा. उरलेली म्हणाली, नियमाने कुत्र्यांना हाकलता येत नाही, त्यांना खायला घालायची जागा सोसायटीनेच ठरवून द्यायची असते. दीड तास सगळे एकदम बोलले. शेवटी सेक्रेटरी, ज्यांना सगळी सोसायटी दाजी म्हणते, त्यांनी टेबलावर चष्मा ठेवला आणि दोघांची समिती जाहीर केली. एक कुत्र्यांच्या बाजूचं, एक विरुद्ध बाजूचं. महिन्याभरात आवारात एक जागा शोधायची, सगळ्यांना चालेल अशी.

एक मी. दुसरा कोण, ते सांगायलाच नको.

दुसऱ्या दिवशी सातला तो खाली आला तेव्हा त्याच्या हातात मोजपट्टी होती आणि वही होती. वहीत आवाराचा नकाशा. मी कपाळाला हात लावला. चकलीला जेवायला पाटभर जागा लागते, आणि हा माणूस जिन्यापासूनचं अंतर मोजत होता, मुलांच्या झोपाळ्यापासूनचं, कचऱ्याच्या डब्यांपासूनचं. आणि मोजताना चकली जवळ आली की अलगद माझ्या पलीकडे जाऊन उभा राहायचा. मी मधे, भिंतीसारखी. लहानपणी चावलं होतं का, म्हणून मी एकदा विचारलं. नाही म्हणाला. मग?

"आवडत नाहीत. ओलं नाक, तो वास... कारण असायलाच हवं का?"

असं तोंडावर मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. लोक कुत्र्यांवर प्रेम असल्याचा आव तरी आणतात.

जनरेटरजवळची जागा एकाला नको होती, कारण तिथे त्याची बाईक उभी असते. गेटजवळ वॉचमनने हरकत घेतली. ए विंगच्या मागे तळमजल्यावरच्या हौसाबाईंची तुळस होती. ट्रान्स्फॉर्मरकडची जागा हितेशलाच धोक्याची वाटली. झोपाळ्यामागची मला पटली, त्याला नाही. आम्ही रोज भांडायचो. पाऊस पडत असला तर एका छत्रीखाली भांडायचो, कारण त्याचे दोन्ही हात मोजपट्टीत अडकलेले असायचे आणि छत्री मला धरावी लागायची. पंधराव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी छत्री त्याच्या बाजूला जास्त कलती धरतेय आणि माझा स्वतःचा खांदा भिजलाय. मला माझाच इतका वैताग आला, की त्या दिवशी मी त्याच्याशी धड बोललेसुद्धा नाही.

नौपाड्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी चष्म्याचे नंबर काढते. दिवसभर लोकांना विचारायचं, हे स्पष्ट दिसतंय की ते? माझं मला मात्र काही दिसत नव्हतं.

आमची गॅलरी त्यांच्या गॅलरीसमोर आहे. एका सकाळी बघते तर काकू स्टुलावर बसलेल्या, आणि मागे हितेश, दातात रबरबँड धरून, त्यांच्या केसांची वेणी घालायचा प्रयत्न करतोय. वेणी डावीकडे चाललेली. त्याने सोडून पुन्हा घातली, ती उजवीकडे गेली. त्याने वर पाहिलं आणि मी पकडले गेले... की तो पकडला गेला, कोण जाणे. त्याने हातानेच विचारलं, येते का तुम्हाला?

मी गेले. मी कोण ते काकूंना पक्कं माहीत होतं. माझ्याकडे पाठ करून त्यांनी वेणी घालून घेतली आणि शांतपणे, एकेक करून सांगितलं. की हात रात्रभर ठणकतो. की भजनाला गेल्याला महिना झाला. जिन्याच्या तोंडाशी उभं राहिलं की पाय थरथरतात, म्हणून त्या खाली जातच नाहीत. "तुझी कुत्री गरीब असेल गं," त्या म्हणाल्या, "पण मी माझ्याच घरात अडकले ना."

खाली आल्यावर मी चकलीचं ताट उचललं आणि हितेशला म्हटलं, जिना सोडून कुठेही चालेल. दोन दिवसांत जागा ठरली. पंपाच्या खोलीमागची, जिथून कुणाचा रस्ता जात नाही. दाजींनी होकार दिला. सोमवारपासून सुरू करायचं होतं.

शनिवारी सकाळी चकली नव्हती.

हाक मारली, आली नाही. दोन्ही इमारतींच्या मागे बघितलं, रस्त्यावर बघितलं. रविवारीही नाही. हौसाबाई म्हणाल्या, शुक्रवारी दुपारी गेटबाहेर एक टेम्पो उभा होता, त्यात काहीतरी विव्हळत होतं. मी तडक तिसऱ्या मजल्यावर गेले. हितेशने दार उघडलं आणि मी त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं.

"तुला नकोच होती ना ती? मग मोजपट्टी घेऊन महिनाभर नाटक कशाला केलंस?"

तो म्हणाला, मी नाही केलं हे. मी म्हटलं, माझा विश्वास नाही. त्याचा चेहरा एकदम उतरला. मी खाली येऊन जिन्यात बसले आणि रडले. चकलीसाठी रडत होते. सगळं चकलीसाठी नव्हतं.

तासाभराने तो खाली आला. माझ्यापासून एक पायरी सोडून बसला.

"आईने सांगितलं होतं त्या टेम्पोवाल्याला," तो म्हणाला. "मला आत्ता कळलं. मोठागावच्या रेतीबंदरावर सोडलंय तिला."

तो गप्प बसला असता तर मला कधीच कळलं नसतं. टेम्पोवाला सांगणार नव्हता, काकू तर नाहीच. मी विचारलं, हे मला का सांगितलंस?

"तुला शोधायचीय ना तिला? चल."

पुढचं सगळं वैताग आणणारं होतं. रिक्षावाला कुत्रा म्हटल्यावर नाही म्हणाला, दुसराही नाही म्हणाला, तिसऱ्याला हितेशने फक्त बंदरावर जायचंय एवढंच सांगितलं. खाडीवर भरती होती, चिखल होता, आणि पाऊस असा की छत्री उघडावी की नाही ते ठरेना. दोन तास हाका मारून माझा घसा बसला. तेव्हा एका झोपडीच्या पडवीत आम्हाला चकली दिसली. मासे साफ करणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंच्या पायाशी ऐसपैस पसरली होती, तोंडात बोंबलाचं डोकं. तिने आमच्याकडे बघून शेपटी दोनदा हलवली. उठली नाही.

दोन दिवस मी जेवले नव्हते, आणि ही जाडी झाली होती.

म्हाताऱ्या बाईंचं नाव मनुबाई. त्यांना मी सगळं सांगितलं. त्या कोयता थांबवून हसल्या. "न्यायची त न्या," म्हणाल्या, "पन तिला इचारा आदी."

आम्ही विचारलं. मी बिस्किटं दाखवली, तिने तोंड फिरवलं. उचलायला गेले तर ती हातातून निसटली आणि मी चिखलात बसले. मग माझं लक्ष हितेशकडे गेलं. त्याने बाह्या दुमडल्या, डोळे मिटले, आणि खाली वाकून माशांच्या पाण्याने माखलेल्या चकलीला दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं. आश्चर्य म्हणजे तीही गप्प राहिली. बहुतेक दोघंही घाबरली होती.

रिक्षावाल्याने खूप कटकट केली, पण पावसात दुसरं भाडं नव्हतं. सगळा रस्ता चकली हितेशच्या मांडीवर, ओलं नाक त्याच्या मनगटावर. तो समोर बघत होता, ओठ घट्ट मिटलेले.

"माझ्याशी बोलत राहा," तो म्हणाला.

मी बोलत राहिले. काय बोलले आठवत नाही. दवाखान्यातले किस्से सांगितले असतील, एका आजोबांनी अक्षरं पाठ करून आणली होती, तो वगैरे. मधेच तो म्हणाला, "हे बघ रुचिता, मला कुत्री आजही आवडत नाहीत. तुझ्यासाठीसुद्धा आवडणार नाहीत."

मी म्हटलं, मी कधी म्हटलं आवडवून घे म्हणून?

तेव्हा तो माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसला. आणि पुढचा किस्सा मी अर्ध्यातच विसरले.

विमलाकाकूंनी माफी मागितली नाही. मीही मागायला लावली नाही. त्या दारात उभ्या होत्या, मुलाच्या शर्टाकडे बघत. मी त्यांना म्हटलं, चकली आता जिन्यात येणार नाही. आठवडाभर मी तिला दोरीने बांधून पंपाकडेच जेवायला घालीन, म्हणजे तिला सवय होईल. आणि साडेसात वाजता मी तुम्हाला हात धरून खाली नेईन, रोज, भीती जाईपर्यंत. काकूंनी शर्टावरची नजर काढून माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, साडेसात नको, पावणेआठ, माझी पूजा असते.

असं ते मिटलं. म्हणजे पूर्ण मिटलं नाही. काकू आजही चकलीचं नाव घेत नाहीत, 'ते तुझं' म्हणतात. चकली आली की भिंतीला चिकटतात आणि माझा हात इतका आवळतात की बोटं पांढरी पडतात. पण खाली येतात. पहिल्या दिवशी दोन मजले उतरल्या, चौथ्या दिवशी गेटपर्यंत आल्या, आणि पुढच्या गुरुवारी भजनाला गेल्या.

प्लास्टर निघालं त्या शनिवारी मी पंपामागे चकलीला जेवायला घालत होते. हितेश आला. नेहमीसारखा चार हात लांब उभा राहिला. म्हणाला, पुण्याच्या ऑफिसने परत बोलावलंय, पण मी बदली मागून घेतली, घोडबंदर रोडच्या ऑफिसला.

मी म्हटलं, वेडा आहेस का, इथून रोज घोडबंदर? त्या ट्रॅफिकमध्ये म्हातारा होशील. आणि काकू आता बऱ्या आहेत.

"हो," तो म्हणाला. "आई बरी आहे."

एवढंच. चकलीचं तेवढं ताट चाटणं चालू. मला राग यायला लागला. महिनाभर एकेक इंचावरून वाद घालणारा माणूस, आणि आता शब्द सापडत नाही याला?

"मग कशासाठी राहतोयस?" मी विचारलं. "नीट सांग की."

"तुझ्यासाठी," तो म्हणाला. "मला वाटलं तुला कळलं असेल."

मला कळलं होतं. तरी ऐकायचं होतं. मी उठून नुसतीच त्याच्याकडे निघाले. हात भाताने आणि लाळेने भरलेले. तो एक पाऊल मागे सरकला.

"रुचिता," तो अगदी हळू म्हणाला, "आधी हात धुऊन ये... प्लीज."

असा माणूस. अशा क्षणी. मी दात-ओठ खात पंपाच्या नळाकडे गेले, साबण लावून दोनदा हात धुतले, आणि परत येऊन दोन्ही तळवे त्याच्यासमोर धरले. त्याने ते उलटसुलट करून तपासले, खरंच तपासले, आणि मग ओलेच आपल्या हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.