निम्म्याने फिरणारा आरसा

दुपारचे सव्वाचार. माझी चार वर्षांची सपना भिंतीशी टाळ्या वाजवत खिदळत होती, आणि तिच्या गालावर उजेडाचा एक गोळा होता — हिरवा, कडेला लाल. मी झटकन तिला उचललं. गोळा भिंतीवर गेला... आणि हळूहळू कपाटाकडे सरकत राहिला.

कोणीतरी आरसा मारत होतं. आमच्या घरात!

पिपरीला माहेरी येऊन मला दीड वर्ष झालं होतं. सपनाचे बाबा "ड्यूटी, ड्यूटी" म्हणत पुण्यात दुसरा संसार करत होते, आणि फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेल्या मला ते दोन वर्षं कळलं नाही. तेव्हापासून मी दूधवाल्याचं मापही वाकून बघते. माझं जाऊ दे — पण सपनाला पुन्हा कोणी "येतो" म्हणून दारात वाट पाहत बसवू नये.

तिला आईजवळ दिलं आणि तरातरा समोरच्या गच्चीवर चढले.

नवा भाडेकरू ताणलेल्या पांढऱ्या कापडासमोर उकिडवा बसला होता. पुढ्यात आरसा, त्यावर बांगड्यांच्या फुटक्या काचा चिकटवलेल्या, खाली एक छोटी मोटर घुरघुरत होती.

"काऊन हो, लोकाच्या घरात उजेड मारून राह्यले तुमी?"

तो असा दचकला की हातातली वही पडली. मी उचलून वाचली. '४.१० कापड. ४.१५ समोरची खिडकी. ४.२० समोरची भिंत.'

"आमच्या घराची टायमावर नोंद? पोलिसात देऊ काय?"

"अवो मॅडम, थांबा... मी आदेश, रोहण्याचा. सावंगीले मेडिकल कॉलेजच्या पोरांसाठी आकृत्या काढतो. हे उजेडाचं चित्र हाय. रंग नाई, ब्रश नाई... निस्ता सूर्य, काच अन् ही मोटर. कापडावर थांबाले पाह्यजे, पण पळून जाते. कुठं जाते, तेच लिहून राह्यलो."

"पळते काऊन?"

"कोणाले मालूम! सूर्य जितका सरकते, तितकाच आरसाबी फिरवतो मी."

मला हसू आलं. ते मी गिळलं. "तितका नाई, निम्मा. आरसा एक अंश फिरला का किरण दोन अंश फिरते. शाळेतच शिकवते हे."

"शाळेत मी वहीच्या मागं चित्रं काढत बसलो," तो कान खाजवत म्हणाला. "सायन्सच्या मॅडम एक दिवस गच्चीवर येतीन, हे कुठं माहीत होतं..."

गोड बोलणं! मला त्याचाच जास्त संशय. घरी येऊन रोहण्याच्या काजलला, माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीला, फोन लावला.

"रूपरावचा आदेश? भाजीवाल्यायचा? लग्न-बिग्न काई नाई झालं वो त्याचं. कायले विचारून राह्यली?"

"असंच."

"असंच म्हणे!"

दुसऱ्या दिवशी उजेड आला नाही. तिसऱ्याही. सपना सव्वाचारला भिंतीसमोर पाट टाकून बसायची. चौथ्या दिवशी तिच्यासाठी — तिच्याचसाठी — मी गच्चीवर गेले.

"जमलं?"

"जमलं. हालत नाई आता. पण..." त्यानं कापडाकडे पाहिलं. "कापड टाळ्या नाई वाजवत."

म्हणजे सपनाच्या टाळ्या ह्यानं ऐकल्या होत्या. म्हणजे कान आमच्याकडे होते. मी कमरेवर हात ठेवले. "सरळ बोला."

"सरळ बोलतो. हा उजेड मले तुमच्या भिंतीवर थांबवाचा हाय. अन्... तुमी हो म्हणसान तर मलेबी थांबाचं हाय."

"माही पोरगी हाय."

"तो गोळा तिलेच तर आधी दिसला."

"लोकं 'येतो' म्हणतेत, अन् सरकतेत."

त्यानं मोटर बंद केली. वाटलं, संपलं. मग म्हणाला, "तपासा ना मग. तपासाले कोण नाई म्हणते?"

रविवारी, सव्वाचारला, गोळा आला. मी पेन्सिल घेतली आणि त्याच्या कडेकडेनं रेघ ओढली. मग घड्याळ हातात घेऊन समोर बसले.

"काय करून राह्यली वो?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"तपासून राह्यली."

पाच मिनिटं. दहा. सपनानं हात लावला, हिरवा उजेड तिच्या बोटांवर चढला, हात काढला तर पुन्हा भिंतीवर... तिथंच. बाहेर उन्हं उतरत होती. पंधरा. रेघेबाहेर तो केसभरही हलला नाही.

समोरून हाक आली. "सरकला काय?"

"अजून पाहू द्या!"

वीस मिनिटं. आता गोळा धूसर दिसायला लागला. पण दोष उजेडाचा नव्हता. मी पदरानं डोळे टिपले.

"चहा ठेवू काय दोघींचा?" आई म्हणाली.

"तिघांचा ठेव."

आई दारात येऊन उभी राहिली. भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिसरा कप काढायला वळली. मी खिडकीत गेले.

"आदेश... आरसा चालू राहू दे. अन् चहाले येजो."

गच्चीवरून तो दिसेनासा झाला. जिना, गल्ली, आमचं फाटक — दीड मिनिट. हो, मी मोजलं. त्यानं दारात चपला काढल्या तेव्हा कुठं घड्याळ खाली ठेवलं.