‘ह’ नंतर ‘ळ’

त्याला खरं तर वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. मजले मोजण्यात चूक झाली आणि तो आमच्या दारात येऊन उभा राहिला. एक गाल टम्म फुगलेला, तोंडाशी रुमाल. मी नुसतं बोटानं वर दाखवलं. तो वळला... आणि थांबला. माझ्या स्क्रीनकडे बघत राहिला. मग टेबलावरचा कागद पुढे ओढून त्यानं लिहिलं, ‘तुमचा ळ भलतीकडे बसलाय.’

“माहितीये,” मी म्हटलं. “तीन आठवडे झाले, उठायला तयार नाही.”

हसायला गेला आणि कळवळला बिचारा.

तासाभरानं तो पुन्हा खाली आला, दाढ काढून, तोंडात कापूस घेऊन. कागदावर लिहिलं, ‘मी हेच काम करतो. बघू का?’

माझ्या मामांनी सव्वीस वर्षं खपून कोशासाठी कारागिरांच्या तोंडचे शब्द कार्डांवर गोळा केले होते. सुतारांचे, लोहारांचे, विणकरांचे. ती सगळी कार्डं मी संगणकात भरली, पण क्रम लावला की ‘ळ’ जाऊन ‘ल’च्या पाठीमागे बसायचा आणि ‘क्ष’ सरळ ‘क’मध्ये घुसायचा. मामांना क्रम पाटीवर गिरवला तसाच हवा होता. ‘ह’ नंतर ‘ळ’, मग ‘क्ष’, मग ‘ज्ञ’. शनिवारी छापखान्याला फाइल द्यायची होती. त्यानंतरच्या आठवड्यात मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, आणि “मी स्वतः बघितल्याशिवाय पान छापायचं नाही,” असं त्यांनी बजावलं होतं.

मंगळवारी तो बोलायला लागला. आवाज छान होता. तोवर मामांनी त्याचं नाव ‘दाढवाले’ ठेवून टाकलं होतं.

“जगातल्या सगळ्या भाषांच्या अक्षरांचे नियम सांभाळणारी एक लायब्ररी असते,” तो मामांना समजावत होता. “पुस्तकांची नाही, प्रोग्रामची. तुमच्या मशिनवरची फार जुनी आहे. आणि तयार मिळते तिच्यात तुमचा क्रम जसाच्या तसा बसेल याची खात्री नाही. म्हणून तिचा मूळ कोड आणायचा, त्यात तुमचा क्रम घालायचा आणि इथेच बांधून काढायची.”

“घर बांधल्यासारखी?” मामा म्हणाले.

“तशीच. फक्त गवंडी मी एकटा.”

एकदा आज्ञा दिली की स्क्रीनवर ओळींमागून ओळी वर सरकत राहायच्या, दोन-दोन तास. मशिन म्हातारं, पंखा धापा टाकायचा. त्या वेळात आम्हाला गप्पांशिवाय काम नव्हतं.

“ओळी थांबल्या तर?” मी विचारलं.

“तर काहीतरी चुकलं.”

“आणि तुम्ही मघापासून स्क्रीनकडे बघतच नाही आहात.”

“ऐकतोय ना... पंख्याचा आवाज,” तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

बुधवारी सकाळी ओळी खरंच थांबल्या. कोड नवा आणि त्याचं मशिनच्या भाषेत भाषांतर करणारं आमचं साधन जुनं. आधी ते बदललं, मग पुन्हा पहिल्यापासून. गुरुवारी तो म्हणाला, “चाचण्या चालू आहेत.” शुक्रवारी सकाळीही तेच. मामा खोलीत येरझारा घालत होते. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता त्यांचा. भिंग घेऊन ते कार्डं उलटसुलट करत होते.

दुपारी तो चहा आणायला खाली गेला तेव्हा मी सहज त्याच्या कामाचा फोल्डर उघडला. नवी लायब्ररी जागच्या जागी बसवलेली. सगळ्या चाचण्या पास. तारीख बुधवारची, संध्याकाळी पाचची.

तो दोन कप घेऊन वर आला. मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

“हे काय आहे?”

“झालं होतं,” तो म्हणाला. “मी... उगाच चाचण्या पुन्हा पुन्हा लावत बसलो. काम संपलं की इथे यायला निमित्त काय उरणार होतं?”

आठवडाभर मला जे ऐकायचं होतं, ते हेच असावं. पण आत मामांच्या येरझारांचा आवाज येत होता.

“तिकडे ते दोन दिवस पाण्याबाहेरच्या माशासारखे तळमळतायत,” मी म्हटलं. “तुम्ही मला विचारायचं होतंत. त्यांना का टांगून ठेवलंत?”

त्यानं कप खाली ठेवले. वाटलं, आता निघून जाईल. तो सरळ मामांच्या खोलीत गेला. मी दारात उभी राहिले.

“मामा, काम बुधवारीच झालं होतं. मी लपवलं. चुकलं माझं.”

“का लपवलंत?”

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मामांचे डोळे अधू झाले होते, पण एवढंही न दिसण्याइतके नव्हते.

“आधी माझे शब्द दाखवा,” ते म्हणाले. “रागवायचं मग बघू.”

त्यानं यादी लावली. मामा भिंग घेऊन स्क्रीनला जवळजवळ नाक लावून बसले. एकेक पान. आम्ही दोघं त्यांच्या मागे उभे, मध्ये हातभर अंतर. शेवटच्या पानावर मामांनी भिंग खाली ठेवलं, चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं डोळे पुसले.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. मग खुर्चीतून न वळता, “दाढवाले, माझा राग गेला. तिचा गेलाय का, ते तुम्हीच विचारा.”

जिन्यापर्यंत मी त्याच्याबरोबर गेले. तो दोन पायऱ्या उतरला आणि थांबला, त्यामुळे आमचे डोळे एका उंचीवर आले.

“गेलाय?” त्यानं विचारलं.

“अजून थोडा आहे.”

“कधी जाईल?”

मी कठड्यावर बोट फिरवत राहिले.

“उद्या ये,” मी म्हटलं. “काही काम नाहीये. तरी ये.”

त्या एका ‘ये’नं त्याचा चेहरा कसा झाला, ते मला सांगता यायचं नाही.