भिंतीवरची ओली रेघ

"मही, फोटो खाणार आहेस का आता? दे इकडं फोन," तिचा भाऊ मल्लेश हात पुढं करत म्हणाला.

महेश्वरीनं फोन आणखीच घट्ट धरला. पडद्यावर अंदमानातल्या एका बेटावरची बांबूची झोपडी होती. नाताळच्या सुट्टीत सगळे तिथंच उतरणार होते. अप्पा आणि मल्लेश मालवणला जाऊन डायव्हिंग शिकून आले होते, तेव्हापासून घरात दुसरा विषयच नव्हता. महेश्वरी आणि काशम्मा अज्जी मात्र पक्क्या जमिनीवरच्या. सोलापुरातल्या सात रस्ता चौकातल्या युवराज एजंटनं ही जागा बाकीच्या हॉटेलांच्या निम्म्या भाड्यात काढून दिली होती. वर डायव्हिंगची होडी थेट पायरीशी!

"आम्ही सकाळी पाण्यात. तुम्ही दोघी वाळूत बसून शहाळी प्या," असं अप्पांनी ठरवूनही टाकलं होतं. पैसे आजच भरायचे होते.

"रेश्मा, ही बघ," महेश्वरीनं शेजारच्या रेश्माला झोपडीच्या आतला फोटो मोठा करून दाखवला. पलंगामागची भिंत खाली काळपट आणि वर पिवळी होती. मध्ये पट्टीनं ओढावी तशी सरळ रेघ. अगदी गादीच्या उंचीवर.

"रंग उडालाय," मल्लेश हसला. "हिला बादलीतल्या पाण्याचीपण भीती वाटते."

"वाटते की. म्हणून तर मला दिसली, तुला नाही."

वळसंग गावच्या विहिरीत पोहायला शिकताना, तरंगण्यासाठी तिच्या पाठीला बांधलेल्या डब्याची दोरी सुटली होती. खाली जाता जाता डोळ्यांसमोर दिसली होती ती दगडांवरची काळी रेघ. पाणी जिथवर चढतं, तिथवर काळं. मामांनी केसांना धरून वर काढलं, पण ती रेघ अजून स्वप्नात यायची. "विहिरीत अशीच रेघ होती," ती म्हणाली.

"समुद्रात कुठली आलीय विहीर? चल, युवराजकाकांनाच विचारू. तुझी फजिती मला बघायचीच आहे," मल्लेश म्हणाला.

तिघं सात रस्त्यावर पोचले. युवराजकाकांनी फोटोकडं नीट पाहिलंसुद्धा नाही.

"अगं, डिझाइन आहे ते. कालच मोडनिंबची पार्टी उतरलीय तिथं. एकदम खूश हायत."

"मग व्हिडिओ कॉल लावा ना."

"रेंज नसते तिथं."

महेश्वरीचा चेहरा पडला. तेवढ्यात रेश्मा गोड आवाजात म्हणाली, "राहू दे गं. माझ्या मामांकडची वीस माणसं याच जागेचं म्हणत होती. पण त्यांना आत्ताच्या आत्ता बघायचंय. दुसरीकडं विचारू."

"थांब की," काका म्हणाले. बघता बघता बेटावर रेंज आली.

पडद्यावर दिसला तो झोपडी सांभाळणारा माणूस झोपडीसमोरच्या काठावर उभा होता. त्यानं फोन झोपडीकडं फिरवला. फोटोतली वाळू नव्हती. वाट नव्हती. चहूबाजूंनी पाणी, आणि मध्ये ती झोपडी. पायऱ्या बुडालेल्या.

"वाट कुठाय?" तिनं हिंदीत विचारलं.

"भरती आहे. ओहोटी लागली की वाट येईल," तो निवांतपणे म्हणाला. "आज पौर्णिमा, पाणी जास्त चढतं."

मल्लेशचं हसू मावळलं. "आत कोणी आहे का?"

"एक म्हातारी आहे. मुलगा डायव्हिंगला गेलाय."

"होडी घेऊन जा," महेश्वरी म्हणाली.

"एजंटसाहेब सांगतील तेव्हा."

तिनं युवराजकाकांकडं पाहिलं. त्यांनी नजर चुकवली. "होतं गं थोडं पाणी. ओसरेल."

"काका, ती रेघ गादीपर्यंत आहे." ती टेबलावर वाकली. "पाणी नाकाशी आलं की हाक मारता येत नाही. मी मारून बघितलीय. सांगा त्याला."

काकांनी घाम पुसला आणि सांगितलं, "जा बाबा, आण त्यांना."

"आणि फोन कापायचा नाही," महेश्वरी म्हणाली.

तिकडं त्या माणसानं फोन खिशात टाकला. पडदा काळा झाला. नुसता वल्ह्यांचा आवाज येत राहिला, चुबुक, चुबुक, आणि त्याचं धापा टाकणं. रेश्मानं महेश्वरीचा हात आवळला. मल्लेशनं अप्पांना फोन लावून तिकडं बोलावून घेतलं.

दारावर थाप. उत्तर नाही. पुन्हा थाप.

"आज्जी, ओ आज्जी, दार उघडा," महेश्वरी फोनवर ओरडली.

आतून एक बारीक आवाज आला, "कोन हाय? पोरी, तू कुटनं बोलतीस?"

"सोलापूरहून. आज्जी, होडीत बसा आधी."

"मी सारजाबाई, मोडनिंबची. वाट हुती की गं हितं सकाळी. मला वाटलं, धरणच फुटलं. पलंगावर चढून बसलेय, तर पानी गादीला लागलं."

पडद्यावर पुन्हा उजेड आला. छातीशी पिशवी धरून एक भिजलेली म्हातारी होडीत बसली होती. महेश्वरीला तिच्या जागी अज्जी दिसली आणि इतका वेळ आवरलेलं रडू बाहेर पडलं.

अप्पा आले तेव्हा होडी काठाला लागत होती. त्यांनी सगळं ऐकलं आणि महेश्वरीचा फोन हातात घेऊन फोटोतली भिंतीवरची रेघ बराच वेळ पाहिली.

"भाडं बघितलं, होडी बघितली," ते हळूच म्हणाले. "दिवसभर तिथं कोण बसणार, ते बघितलंच नाही."

युवराजकाकांनी मोडनिंबच्या पार्टीला लगेच दुसरीकडं हलवलं. ती झोपडी आपल्या पाटीवरूनही काढली.

अप्पांनी त्याच बेटावरच्या गावात, टेकडीवर, दोन साध्या खोल्या ठरवल्या. डायव्हिंगला जायला रिक्षा करावी लागणार होती. पण खाली बाजार होता आणि अज्जीला बसायला ओटा.

"माझी नात भित्री न्हाय," अज्जी तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली. "तिला दिसतंय, एवढंच."

"रविवारी वळसंगला येतेस?" मल्लेशनं विचारलं. या वेळी त्यात चिडवणं नव्हतं. "डब्याची दोरी मी बांधतो."

"मीच बांधणार," महेश्वरी म्हणाली. "आणि आधी रेघ बघणार. मगच उतरणार."