पहिल्या हाकेला ओ

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात चांदबिबीच्या महालाखाली, डोंगराच्या अंगाला पत्र्याची एक खोली होती. तिथं दानीएल साळवे घामाने निथळत गावांना हाका मारत बसायचा. दुष्काळात पाण्याचे टँकर वेळेवर धाडता यावेत म्हणून जिल्ह्यात ठिकठिकाणी वायरलेसचे सेट बसवले होते. सगळा प्रयोगच होता. कुठं ग्रामसेवक, कुठं शाळेतला मास्तर सेटवर बसे, आणि ते सगळं जाळं सांभाळणं दानीएलच्या गळ्यात पडलं होतं.

यंत्रं चोख होती, माणसांनीच त्याचं डोकं उठवलं होतं. रोज दुपारी तो एकेका गावाला हाक मारी, आणि एकही गडी पहिल्या हाकेला ओ देत नसे. दुसरीलाही नाही. तिसरी हाक गेली की मग सावकाश, "बोला साहेब!" सोमवारी पुण्याचे इंजिनिअर तपासणीला यायचे होते. हाकेला ओ आली नाही की ते सेट निकामी धरणार आणि उचलून नेणार, हे उघड होतं. कर्जतकडच्या ज्या वस्तीवर दानीएलची धाकटी बहीण दया शिकवायची, तिथला टँकर सेटवरच्या तिच्या निरोपानेच येई. सेट गेला की वस्तीचं पाणी गेलं.

त्याने घोडेगावच्या सेटवर बसणाऱ्या भिमाजीला तिथूनच फैलावर घेतलं.

"साहेब, पैल्या हाकेला ओ देऊ न्हाई," भिमाजी म्हणाला. "मानूस असलं तर तीनदा बोलावतं. ते दुसरं असतं ना, ते एकदाच हाक मारतं."

"आणि त्याला बॅटरी कोण देतं रे, तू?"

"दादा, राहू दे ना," मध्येच दयाचा आवाज आला. डोंगरावरचं यंत्र एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकवायचं. "इथं राहून मलाही तीच सवय लागलीय."

मिशनच्या शाळेत शिकलेल्या बहिणीने असं म्हणावं, याचा दानीएलला भारी राग आला. त्याने सगळ्यांनाच दम भरला. उद्यापासून पहिल्या हाकेला ओ, नाहीतर सेट दुसऱ्या गावाला.

लोकांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी हाक जायचा अवकाश, ओ हजर. दानीएल खुशीत शीळ घालत डोंगर उतरला.

शुक्रवारी मात्र हाका सुरू व्हायच्या आधीच स्पीकरमधून भिमाजी बोलला, "ओ साहेब. बोला."

"मी कुठं बोलावलं?"

"आत्ता हाक मारली की तुमी. तुमचाच आवाज हुता."

डोंगरावरून तशी कुठलीच हाक गेली नव्हती. ऊन लागलं असेल, असं म्हणून दानीएलने त्याला सावलीत बसायला सांगितलं. थोड्या वेळाने त्याने घोडेगावला खरीखुरी हाक मारली. मग दुसरी, मग तिसरी. पलीकडे कुणीतरी बटण दाबून धरलं होतं, खरखर थांबल्यावरून एवढं कळत होतं. बोलत कुणी नव्हतं.

तो जीप काढून घोडेगावला गेला. चावडीतला सेट चालू होता, हात लावला तर गरम. खुर्चीखाली भिमाजीच्या वहाणा होत्या. दारात त्याची बायको मालनबाई उभी होती.

"तुमीच बलावलं म्हनं त्यांना," ती म्हणाली. "लई घाईनं गेले. अनवानीच."

"कुठं?"

तिने माळाकडे बोट केलं. माळावर झाड नव्हतं की झुडूप नव्हतं. गावकऱ्यांनी विहिरीही पाहिल्या होत्या. पाणी नव्हतंच, त्यामुळे प्रत्येकीचा तळ वरूनच दिसत होता.

दानीएल आत गेला. भिमाजीच्या खुर्चीत बसून त्याने बटण दाबलं.

"दया!"

"ओ दादा." पहिल्याच हाकेला.

त्याचा जीव भांड्यात पडला. "ऐक. माझं चुकलं. पहिल्या हाकेला ओ देऊ नकोस. माझा आवाज असला तरी. तीनदा बोलावल्याशिवाय देऊच नकोस."

पलीकडून बटण दाबल्याचा आवाज आला.

"दादा, मग मघाशी?"

"मघाशी काय?"

"मघाशी तू एकदाच हाक मारलीस. मी ओ दिली. मुलांना घरी सोड म्हणालास, सोडली. आता इथं मी एकटीच आहे."

"दार लावून घे! आधी दार लाव!"

उत्तर आलं नाही.

"दया!"

"दया!"

"दया!"

खरखर थांबली. मग तिचा आवाज आला, अगदी जवळून.

"दादा."

एकदाच.

दानीएलने ओ द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ती त्याची बहीण होती. ती अडचणीत असेल, आणि तो ओ देत नव्हता. अंगठा बटणावर होता. दाबायची हिंमत त्याला झाली नाही.

तो दुसऱ्या हाकेची वाट पाहत बसला. खिडकीतलं ऊन सरकत सरकत भिमाजीच्या वहाणांपर्यंत आलं, तरी दुसरी हाक आली नाही.