सात डोक्यांचा लोतान

समुद्राकडे पाठ करून उभा राहिलेला माणूस अक्कोच्या बंदरात मी पहिल्यांदाच पाहिला. खांद्याला वीणा, पायांवर डोंगरातली लाल माती. मी रंग काढायला शंख फोडत बसले होते, कोपरापर्यंत हात जांभळे. तेवढ्यात लाट आली, त्याच्या टाचा भिजल्या, आणि तो उडी मारून थेट माझ्या टोपलीत!

"अहो, शंख आहेत ते. गादी नाही."

"लाट... मागून आली."

"मग? आधी निरोप धाडायला हवा होता का तिनं?"

तो हसला. गालाला खळी पडली — आणि माझा दगड शंखाऐवजी बोटावर बसला.

त्याचं नाव योआह. यरुशलेमच्या मंदिरात गाणाऱ्यांच्या घरातला. येत्या सणाला समुद्राचं स्तोत्र गायचं होतं त्याला, आणि समुद्र आजवर पाहिलाच नव्हता!

"तुमच्याकडे समुद्रातल्या सापाचं गाणं आहे म्हणे?"

"लोतानचं. सात डोकी त्याला. आमचा देव बआल ती एकेक फोडतो. आमची बाळं याच गाण्यावर झोपतात."

"आणि झोप लागते त्यांना?"

मग रोजच मी शंख फोडता फोडता गायचे, तो तारा छेडत साथ करायचा. "आम्ही त्याला लिव्याथान म्हणतो," तो म्हणाला. "साप तोच दिसतोय. देव मात्र माझा एकच." पहाटे तो डोळे मिटून त्या देवाला आळवायचा. गाणारा उरायचाच नाही, नुसतं गाणं उरायचं... माझ्या अंगावर काटा यायचा.

बाराव्या दिवशी माझे बाबा, बोदो नाखवा, म्हणाले, "अरिशत, हल्ली शंख कमी फुटतायत. कोण आहे तो?"

मी सांगून टाकलं.

आमच्या किनाऱ्याची रीत साधी. जावयानं मुलीला होडीतून खडकांपलीकडे न्यायचं, बआलचं नाव घेत पाण्यावर वल्ह्याचे सात तडाखे मारायचे. एका डोक्याला एक. नाही मारले तर मुलगी मिळत नाही.

"होडीत बसेन," योआह म्हणाला. चेहरा पांढराफटक. "वल्हंही धरेन. पण ते नाव नाही घेणार, अरिशत. तुझ्यासाठीसुद्धा नाही."

"मग येता कशाला होडीपर्यंत?"

"तुला सोडून डोंगर चढवत नाही... म्हणून."

मी होडीचा दोर सोडला.

बाबा सुकाणूशी बसले. खडक मागे पडले, होडी डोलायला लागली. योआहनं होडीचे दोन्ही काठ असे धरले होते, जणू सोडले तर समुद्र त्याला उचलूनच नेईल.

"हं. मार," बाबा म्हणाले.

त्यानं वल्हं उचललं... आणि हळूच मांडीवर ठेवलं. संपलं सगळं! मी डोळे मिटून घेतले.

तार वाजली. चाल माझी — बाळांना निजवायची. शब्द मात्र त्याचे. ज्यानं समुद्र घडवला, त्यानंच हा सापही घडवला. तोच याच्या सातही मुखी घास भरवतो. संध्याकाळी याला जवळ घेऊन खेळतो — बाप लेकराशी खेळतो तसा.

मी डोळे उघडले. त्यानं शिदोरीतल्या भाकरीचे सात तुकडे केले होते, एकेक पाण्यात सोडत होता. गाणं थांबलं नव्हतं. होडीभोवती मासळी चमचमली.

बाबा पाण्याकडे वाकले. मग खो खो हसत सुटले. "चाळीस वर्षं जावयांकडून बडवून घेतोय मी या सापाला! भुकेला असेल बिचारा, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही." आणि डोळे पुसत म्हणाले, "ने रे हिला. पण जांभळ्या हातांची सून चालेल का तुझ्या घरात?"

"हातांचं मी बघतो," योआह म्हणाला, आणि भर समुद्रात, बापासमोर, माझा हात धरला.

त्याचा देव माझा कधी झाला, विचाराल तर — तिथेच. जो सापालाही भरवतो, तो मला कसा टाकेल?

सणाला मी मंदिराच्या अंगणात बायकांच्या गर्दीत उभी होते. योआह समुद्राच्या कडव्यावर आला, त्यानं डोळे उघडले, मला शोधलं. सापाचं नाव निघताच सगळं अंगण थरारलं.

मला मात्र — सांगायलाही लाज वाटते — बाळासारखी गोड जांभई आली. अन् गाता गाता त्याच्या गालाला खळी पडली.